काढू

वाफा रिकामा झाला, शेवटच्या मुळ्याची माती त्याने कुंपणाच्या भिंतीवर आपटून झाडली आणि मोठ्या फुशारकीने खिडकीकडे बघितलं, तर बायको रडत होती. आधी त्याला वाटलं, आनंदानेच. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून तिला कशानेही रडू यायचं. हातातून चमचा पडला की रडू, टीव्हीवर उद्याचं हवामान सांगितलं की रडू. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की मेंदूला दणका बसल्यावर असं होतंच, मनावर घेऊ नका. म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. मासा गळाला लागलेल्या माणसासारखा मुळा उंच धरून तो ओरडला, "बघ, काढले सगळे! झालं समाधान?" तेव्हा तिने डावा हात, चालणारा तेवढाच, उचलून खिडकीच्या कठड्यावर आपटला. पुन्हा आपटला. मग तो हात दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवून दिला आणि मान फिरवून खोलीतल्या कपाटाकडे बघत बसली.

आता यात रडण्यासारखं काय होतं? दुपारी तीच तर म्हणाली होती. खिडकीतून मागच्या बाजूला बोट केलं, ओठ जुळवले, कपाळावर आठ्या आल्या, आणि इतक्या दिवसांच्या नुसत्या 'द द द' नंतर एक अख्खा शब्द बाहेर पडला. "काढू." स्वच्छ, ऊकारासकट. तो चहाची भांडी विसळत होता, त्याच्या हातून कपच निसटला. आठवड्यातून दोनदा घरी येऊन तिला बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिच्या पदवीचं इंग्रजी नाव त्याच्या जिभेवर बसेना म्हणून तो तिला वाचाबाई म्हणायचा. वाचाबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "काका, शब्द आला की लगेच काम झालं पाहिजे हं. पाणी म्हणाल्या की पाणी. 'पुन्हा म्हण बरं' असं म्हणायचं नाही, त्यांची परीक्षा घ्यायची नाही. शब्द चालतोय, नाणं खोटं नाही, हे त्यांना कळू दे." तो जन्मभर सांगितलं तसं वागणारा माणूस. कपाचे तुकडे तसेच टाकून, पायात तिच्याच बागेतल्या चपला सरकवून तो मागे पळाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

तिची बाग म्हणजे तळमजल्याच्या घरामागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये उरलेली पट्टी. वरच्या मजल्यांचे सांडपाण्याचे नळ तिथे उतरत, वरून कुणाचे तरी टॉवेल ठिबकत, आणि ऊन यायचं ते देखील पाहुण्यासारखं, येऊन टेकलं न टेकलं तोच निघालं. तिथे ती पालक लावायची, वाटाणा लावायची, टोमॅटो, मुळे. आणि कडेने, मध्ये, जागा सापडेल तिथे झेंडू. "भाजीत फुलं कशाला?" असं त्याने एकदा विचारलं होतं. "किडीला वाट चुकवायला," ती म्हणाली, मग थोडं थांबून, "आणि मला." तो त्या पट्टीला 'तुमचं संस्थान' म्हणायचा. संस्थानात त्याला दोनच कामं होती: पाण्याचा पाइप धरायचा आणि वाटाण्याच्या काठ्या ठोकायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही. क्ष-किरणांच्या खोलीत माणसाच्या आतलं हाडन्‌हाड बघणाऱ्या त्याला मातीच्या आत काय चाललंय ते कळत नसे, आणि कळावंसं वाटतही नसे. ताटात आलं की कळायचंच.

या खेपेला बी तिने पेरलं, रोपं तिने विरळली, आणि मुळे भरत आले तेव्हा ती रुग्णालयात होती. घरी आणली तोवर बाग स्वतःच्या मनाने वाढली होती. पालक आधीच जून होऊन गेला होता. टोमॅटो त्याने वेळेवर तोडले, खरं म्हणजे वेळेच्या आधीच तोडले, आणि कागदात गुंडाळून पिकवले. राहिले होते हे पाच-सहा मुळे; पण मुळे तरी काय म्हणायचे त्यांना? कमरेएवढे दांडे वाढलेले, फिकट जांभळी फुलं झडून गेलेली, त्यावर हिरव्या फुगीर शेंगा, आणि खालची पानं भोकाभोकांची. शेजारी झेंडू तांबूस होऊन वाळत होते. तिला खिडकीतून दिवसभर तेच दिसायचं. त्यालाही ते बघवत नव्हतं. म्हणून ती 'काढू' म्हणाली तेव्हा तो मनातून म्हणाला, खरंच गं, काढूच. स्वच्छ करून टाकू. त्याने दांडे धरून उपटले तेव्हा लाकडासारखे मुळे कुरकुरत वर आले, आणि त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांत काहीतरी धरलं, ओढलं आणि ते हाती आलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. नीटनेटका माणूस तो. कात्रीने दांड्यांचे वीतवीतभर तुकडे केले, झेंडूही उपटून त्यातच घातले, पिशवीचं तोंड बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा पिशवी त्याने स्वतः उचलून वर दिली आणि गाडीवाल्याने "आज भारी जड आहे हो साहेब" म्हटल्यावर हसलासुद्धा.

त्याआधी रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने चार वेळा विचारलं, दुखतंय का. हो-नाहीचं तर विचारायलाच नको. मान हलायची, पण कुठल्या अर्थाने हलली ते तिच्याही हातात राहिलं नव्हतं. हो म्हणायचं असेल तर मान आडवी जाई, आणि मग स्वतःच्याच मानेचा राग येऊन ती डोळे मिटून घेई. इतकी वर्षं जिने त्याला एका वाक्यात गार केलं, 'उतावळा नवरा' एवढंच म्हणून पुढचं गुडघ्याला बाशिंग त्याच्या कल्पनेवर सोडून दिलं, तिच्याकडे आता एक हो सुद्धा भरवशाचं नव्हतं. आणि 'अहो' तर गेलंच होतं. त्याचा खरा दुखरा भाग तो होता, वाचाबाईंना सांगायची लाज वाटली इतका. 'अहो' हा काही शब्द नव्हे, त्याला अर्थ नाही, तो फळ्यावर लिहून घोकून घेता येत नाही. पण घरातल्या कुठल्याही खोलीतून तो आला की त्याला कळायचं, आपण आहोत.

त्या दिवशी कामावर त्याचं लक्ष नव्हतं. तपासणी केंद्रातली त्याची खोली लहान, थंड, बिनखिडकीची. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला शिशाची काच बसवलेला आडोसा. त्या आडोशामागून तो दिवसभर तीच तीन वाक्यं म्हणायचा. श्वास आत घ्या. धरा. सोडा. अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले, छातीचा फोटो काढायला. सोबतची सून बाहेर बसली. सदरा काढून ते उघड्या छातीने थंड पत्र्याला टेकून उभे राहिले, पाठीचे मणके मोजून घ्यावेत इतके वर आलेले. आडोशामागे येऊन त्याने बटणावर बोट ठेवलं आणि, का कोण जाणे, जे वाक्य गेली तीस वर्षं तोंडात येऊ दिलं नव्हतं ते निघून गेलं. "हलू नका."

"हलू?" म्हातारबुवा म्हणाले, आणि हलले. चांगले अर्धे वळून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. "कुठं हलू?"

फोटो बिघडला. यात नवीन काही नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या वरिष्ठांनी त्याला हे शिकवलं होतं. बुटके, सदा सुपारी चघळणारे, पण कामात वाघ. "हलू नका म्हणायचं नाही बाबा," ते म्हणाले होते. "आपल्या भाषेत नका मागून येतं. तोवर माणूस हललेला असतो. स्थिर राहा म्हणायचं." किती हसला होता तेव्हा तो. घरी जाऊन नव्या नवरीला सांगितलं होतं, आणि तीही हसली होती, आणि मग म्हणाली होती, "म्हणजे तुमच्यासारख्यांना. मी पुढचं बोलेपर्यंत तुमचं उरकलेलं असतं."

त्याने पुन्हा बटणावर बोट ठेवलं. "स्थिर राहा. श्वास आत घ्या. धरा." आणि काचेमागे उभा असतानाच त्याच्या तोंडून, अगदी हळू, जसं तिच्या तोंडून आलं असतं तसं, आलं: "काढू." आणि मागून, आपोआप: "नका."

काढू नका. ते वाक्य तर त्याने किती वेळा ऐकलं होतं. संस्थानातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य तेच. टोमॅटोकडे हात गेला की, काढू नका, अजून तांबडा व्हायचाय. वाटाण्याची शेंग चाचपली की, काढू नका हो, दाणा भरू दे. तिची सारी बागच या नकांवर उभी होती. तुडवू नका, ओढू नका, इतकं पाणी घालू नका. आणि दर वर्षी, सगळ्यात भरदार, सगळ्यात देखण्या मुळ्यांकडे त्याने बोट दाखवलं की, ते काढू नका, ते बियाला ठेवलेत. तो कुरकुरायचा, चांगलं चांगलं सगळं संस्थानिकांना आणि उरलंसुरलं प्रजेला. ती म्हणायची, "चांगला तोच बियाला ठेवायचा असतो. खाण्यासाठी कुठलाही चालतो." हे सगळं त्याला ठाऊक होतं. कानात होतं. नुसतं काल दुपारी, ज्या एका क्षणी हवं होतं, त्या क्षणी नव्हतं. लोक म्हणतात ध चा मा झाला. तसं करायला निदान कुणी लबाड लागतं. इथे कुणीच काही बदललं नव्हतं. तिने खरं तेच सांगायला घेतलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं ते अक्षरशः तिचंच होतं.

काचेपलीकडे म्हातारबुवांचे गाल फुगले होते, मान लाल झाली होती. त्याला 'धरा' म्हणून किती वेळ झाला होता देव जाणे. "सोडा, आजोबा, सोडा," तो ओरडला. त्यांनी भस्सकन श्वास सोडला आणि पत्र्याला धरून धापा टाकत म्हणाले, "मला वाटलं, विसरलात."

तो घरी आला तेव्हा दिवसा सोबतीला बसणाऱ्या मावशी चपला घालूनच दारात उभ्या होत्या. "आज वहिनींचं काय बिनसलंय कळत नाही बाई. खिडकीपाशी बसायचंच नाही म्हणतात. म्हणतात म्हणजे, आपलं, खुर्ची नेली की तोंड फिरवतात." तो तडक तिच्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसला. गुडघे वाजले. "काल तू काढू नका म्हणत होतीस का गं?" तिने मान हलवली. वर-खाली. मग, चुकून आशा वाटून, त्याने उलटं विचारून बघितलं. "का काढू म्हणत होतीस?" तिने मान हलवली. वर-खाली. आणि मग तिने त्याची नजर सोडून कपाटाकडे बघितलं, कालच्यासारखंच.

कपाटात खालच्या खणात तिचं बी असायचं. क्ष-किरण फिल्मचे तपकिरी कागदी लिफाफे तो पूर्वी कामावरून आणायचा. त्यांचे चौकोन कापून ती पाकिटं करायची आणि कडा भाताच्या शितांनी चिकटवायची. मुळ्याचं पाकीट वेगळं ओळखू यायचं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. लग्नात तिच्या आईने लुगडी, भांडी, काय काय दिलं होतं. लुगडी विरली, भांडी चेपली, आईही गेली. पुडीत बांधून दिलेलं मूठभर बी तेवढं राहिलं होतं, कारण ती ते दर वर्षी नवं करत होती. खांद्याला गुलाबी छटा असलेला, तिखट, नाकात जाणारा मुळा. बाजारात तसला मिळत नाही. तिने शोधला होता, एकदा, हट्टाने, आणि विजयी चेहऱ्याने रिकाम्या हाती परत आली होती. त्याने पाकीट उघडलं. उलटं केलं. तळहातावर थोडी धूळ पडली आणि तिच्यात दाणा नव्हता. या वर्षी तिने सगळं पेरलं होतं. दर वर्षी थोडं मागे ठेवायची. या वर्षीच का नाही ठेवलं? विचारायची सोय नव्हती. तो पाकीट हातात घेऊन बसला, आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागवायला लागणारे शब्द नाहीत म्हणून राग नव्हता, का खरंच नव्हता?

कचऱ्याच्या गाडीमागे जायचं त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. कोपऱ्यापर्यंत गेलाही. तिथे रिकामा रस्ता होता आणि एक कुत्रं. मग परत येऊन, उगाच, करण्यासारखं काही नाही म्हणून, तो मागे बागेत गेला आणि उपड्या बादलीपाशी थबकला. सांडपाण्याच्या नळाला खेटून बादली होती, आणि बादलीखालून एक दांडा वाकून बाहेर आला होता. काल घाईत बादली त्यानेच तिथे ठेवली असणार. उचलली तर मुळा. एकच. वाफ्याच्या बाहेर, भिंतीच्या फटीजवळ, बी उडून आपोआप आलेला असावा. इतरांपेक्षा खुरटा, दांडा मध्येच चेपलेला, पण शेंगा होत्या. त्याने मोजल्या नाहीत, नजर लागेल म्हणून. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. तरी मोजल्या नाहीत.

त्यानंतर त्याने त्या खुरट्या रोपाची जी सरबराई केली ती बघून कुणालाही हसू आलं असतं. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीही फुंकत होता. चेपलेल्या दांड्याला बँडेजची पट्टी गुंडाळून काठीला बांधलं, आणि वरच्या मजल्यावर जाऊन हात जोडून सांगून आला, की टॉवेल पिळून वाळत घाला. एरवी भांडखोर असलेल्या वरच्या काकूंनी त्याचा चेहरा बघून मुकाट्याने टॉवेल आत घेतले. तिची खुर्ची तो रोज संध्याकाळी मागच्या दारात नेई. पहिल्या दिवशी तिने तोंड फिरवलं. मग एकदा रोप दिसलं, आणि तिने इतका वेळ बघितलं की शेवटी अंधार पडला म्हणून तिला आत आणावं लागलं. वाचाबाईंना त्याने झालेली गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मी चुकीचं नव्हतं सांगितलं, काका." "नाही, नाही," तो म्हणाला. चूक कुणाचीच नव्हती. चूक कुणाची तरी असती तर माफी मागायला जागा झाली असती.

शेंगा पिवळ्या पडल्या. बी कधी काढायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. ते तिचं खातं. रोपं विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कडकडीत वाळू द्या, आधी काढलं तर दाणा फोल. कामावरच्या शिपायाला विचारलं, त्याच्या घरी शेती; तो म्हणाला, छे छे, पिवळी झाली की काढा, वाट बघत बसलात तर पाखरं फडशा पाडतील. दोघांचंही पटलं. घरी येऊन त्याने तिला दोन्ही सांगितलं, सावकाश, शेंगेकडे बोट करत. तिने मान हलवली, दोन्ही वेळा. झेंडूही आता नव्हते, नाही तर पाखरांचं लक्ष तिकडे गेलं असतं असं त्याला उगाच वाटलं. वाफा मोकळा, मातीवर उन्हाने बारीक भेगा पडलेल्या. त्या दिवसांत ती एकदाही बोलली नाही. वाचाबाई चित्रं दाखवायच्या: कप, दार, मूल. ती चित्रांकडे बघायची आणि मग त्याच्याकडे, जणू हे काय चाललंय ते त्याने समजावून सांगावं.

आज तो कामावरून आला तर दोन शेंगा फाटलेल्या होत्या, आणि बादलीच्या काठावर पांढरी घाण पडली होती. पाखरांना पत्ता लागला होता. त्याने घाईने तिची खुर्ची दारात आणली, चाकाखाली दगड लावला, आणि फाटलेली शेंग तिला दाखवली. तिने डाव्या हाताने ती घेतली, नाकाजवळ नेली, अंगठ्याने चाचपली. मग रोपाकडे बघितलं. उरलेल्या शेंगा काही वाळलेल्या होत्या, काहींच्या देठाशी अजून हिरवट रेघ होती. वारा आला की एखादी किंचित वाजायची. नक्की वाजायची का, ते सांगता येत नव्हतं. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. ओठ जुळले. त्याने हे तोंड ओळखलं. दांड्याशी बसून त्याने बुंध्याला मूठ घातली, पण ओढलं नाही. एकदा तिच्याकडे बघितलं.

"काढू," ती म्हणाली.

स्वच्छ. ऊकारासकट. तो थांबला. हाताला बुंधा लागत होता, कोरडा, आणि खाली मातीत तो अजून घट्ट होता. आता काढलं नाही तर उद्या पाखरं ठेवणार नाहीत. काढलं आणि दाणा भरलेला नसला तर तिच्या आईचं, तिचं, जे काय होतं ते इथे संपलं, त्याच्या मुठीत. "हं," तो म्हणाला, "ऐकतोय. पुढे?" आपला आवाज त्याला म्हाताऱ्यासारखा वाटला. वर कुणीतरी खिडकी लावून घेतली. कुंपणावर येऊन बसलेलं पाखरू मान वाकडी करून आधी त्याच्याकडे, मग शेंगांकडे बघत होतं. "बोल ना गं. मी हलत नाही. वाटेल तितका वेळ घे." तो श्वास धरून वाट बघत राहिला, त्या मागून येणाऱ्या शब्दाची, असलाच तर. ती मात्र खुर्चीत मागे टेकली होती. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, हात मांडीवर शांत होता, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू तिचं सांगून झालं होतं.